सोळा इंची हौस

दादाच्या गाडीत बसायचं तर आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. इंग्लंडात रेडिंगला पोचलो त्याच रात्री जेवणं झाल्यावर त्याने काटा आणला, मला वर चढवलं, आकडा बघून काहीतरी पुटपुटला आणि वहिनींना म्हणाला, "उद्या सकाळी याला नुसता चहा दे."

गाडी म्हणजे १९७२ सालची एमजीबी जीटी. रंग गडद हिरवा, दारं दोन. मागच्या सीटवर दोन माणसं बसू शकतात असं कंपनीचं म्हणणं होतं. दादाने तिथे पान्यांची पेटी बसवली आहे. कंपनीने गाडीला १४ इंची चाकं आणि १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले होते. दादाला ते किडकिडे वाटायला लागले. गल्लीतल्या नव्या गाड्या अठरा-अठरा इंची चाकांवर मिरवतात आणि आपली ही अशी! मग १६ इंची अलॉय आली आणि त्यांवर २०५/६० चे टायर चढले. विकणारा म्हणाला होता, "बसतील." बसलेही. गाडी चालल्यावर काय, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं.

टायर ४० मिलिमीटरने रुंद झाला, म्हणजे दोन्हीकडे वीस-वीस. आतल्या अंगाला पाटे, बाहेरच्या अंगाला मडगार्डची दुमडलेली कड. माणूस बसला की पाटे दबतात, बॉडी खाली येते आणि कड टायरवर टेकते. त्यातून एमजीबीचा मागचा एक्सल पुष्कळदा काटेकोर मध्यावर नसतो. एका बाजूला बोटभर जागा, दुसऱ्या बाजूला ठणठणाट. दादाच्या गाडीत ठणठणाट डावीकडे होता. इंग्लंडात डावी बाजू पाहुण्याची.

यावरचा इलाज दादाने घरीच केला होता. टायर आणि कड यांच्या फटीत वहिनींचं लाटणं अडकवायचं आणि गाडी हळूहळू ढकलायची. लाटणं फिरत जातं, कड आत वळत जाते. कड अर्धीमुर्धी वळली. लाटण्याला मात्र मधोमध खाच पडली आणि त्या दिवसापासून त्या घरातल्या प्रत्येक पोळीवर एक बांध उमटतो. वहिनी ती पोळी दादाच्या पानात वाढताना बांध त्याच्याकडे करून वाढतात.

दुसऱ्या दिवशी सामान वहिनींच्या गाडीत, वहिनी मागे आणि आम्ही पुढे, अशी आमची वरात निघाली. पहिल्याच खोलगट वळणावर माझ्या पाठीमागून 'खर्रर्र' असा आवाज आला.

"रस्ता खराब आहे," दादा म्हणाला.

मी पुण्याहून आलो होतो. गप्प बसलो.

पहिला थांबा ॲबिंग्डन. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसच्या गॅरेजात सेसिल किंबर व्यवस्थापक होता, त्याच्या हौसेतून या गाड्या आल्या. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या आणि १९८० च्या ऑक्टोबरात कारखान्याला टाळं लागलं. दादाने तिथे गाडी उभी करून बॉनेट उघडलं. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसीच्या बी-सीरिजचं. आपल्या अँबॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं धडधडलं ते १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. मी तसं म्हणालो. दादाला टॅक्सीशी सोयरीक जोडलेली आवडली नाही. त्याने बॉनेट लावून टाकलं.

ऑक्सफर्डकडे जाणाऱ्या ए-३४ वर मर्यादा ७० मैलांची. दादाने काटा बरोबर सत्तरवर धरला आणि नियम पाळणाऱ्याच्या चेहऱ्याने तो बसला. तेवढ्यात माझा फोन वाजला. मागून वहिनी. "त्यांना सांगा, चौऱ्याहत्तरने चाललेत. माझा जीपीएस सांगतोय."

त्याचं असं आहे. या गाडीचा स्पीडोमीटर केबलने गिअरबॉक्सला जोडलेला. त्याला रस्ता दिसत नाही, तो फेऱ्या मोजतो. जुन्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, नव्याचा ६५२. एका फेरीत गाडी पाच टक्के जास्त पुढे जाते आणि मीटरला पत्ता नसतो. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याला असतो. दादा ६६ वर आला. मागच्या एका गाडीने हॉर्न दिला. इंग्लंडात तो सहसा कुणी देत नाही.

पुढे विटनी, मग बर्फर्ड. बर्फर्डचा हाय स्ट्रीट वरून थेट विंडरश नदीच्या पुलाकडे उतरतो. उतारावर गाडी देखणी चालली. बोर्टन-ऑन-द-वॉटरला पार्किंगमध्ये शिरताना मात्र दादाचा घाम निघाला. गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही, त्यातून टायर रुंद. गाडी जागेवर वळवायची म्हणजे दादा दोन्ही हातांनी चक्राला लोंबकळणार आणि पुढचं चाक मडगार्डला विचारून मगच वळणार.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ स्वतःची एमजीबी पुसत होते, मूळ चाकांवरची. ते जवळ आले, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायर व कड यांच्या मधे त्यांनी करंगळी घालून पाहिली. करंगळी आत जाईना. उठले, रुमालाला बोट पुसलं, हवा छान पडली आहे म्हणाले आणि निघून गेले.

बोर्टनमध्ये त्याच गावाची एक-नवमांश आकाराची दगडी प्रतिकृती आहे, १९३७ साली खुली झालेली. त्यात चर्च, नदी, पूल, दुकानं सगळं आहे. प्रतिकृतीचीही प्रतिकृती आहे, तिच्या पोटात आणखी एक. वहिनी बराच वेळ बघत होत्या. "बघा," त्या म्हणाल्या, "सगळं लहान केलं, पण प्रमाणात केलं."

दादाने ऐकलं नाहीसं केलं.

परतताना बर्फर्डचा चढ आला. चाक मोठं झालं की गिअर लांब होतात. तोच गिअर टाकला तरी इंजिनाला जास्त ओढ लागते. तिसऱ्यात गाडी कण्हायला लागली, दुसऱ्यात आणली तर ओरडायला लागली. निम्म्या चढावर ते करंगळीवाले गृहस्थ १४ इंची चाकांवर आम्हाला ओलांडून गेले. जाताना हात हलवला, जुन्या गाडीवाले एकमेकांना हलवतात तसा. दादाने चक्रावरचा हात काढला नाही. वर पोचल्यावर मला म्हणाला, "तू वहिनीच्या गाडीत बस."

पुढच्याच महिन्यात त्याने १५ इंची चाकं आणि १८५/६५ चे टायर घातले. त्यांचा बाहेरचा व्यास ६२१ मिलिमीटर, मूळच्यापेक्षा जेमतेम एकाने जास्त. चाक दिसायला मोठं, मीटर पुन्हा खरं बोलतो आणि कड घासत नाही. तेव्हा जुन्या गाडीला मोठी चाकं घालायची असतील तर जरूर घाला. फक्त चाक जेवढ्या इंचांनी वाढवाल त्याच्या निम्म्याने टायरची भिंत कमी करा, आणि पैसे देण्याआधी गाडीत तुमच्यातला सगळ्यात जाड नातेवाईक बसवून एक चक्कर मारा.