फाइल पुण्यात, साहेब चंद्रपुरात

अ‍ॅक्सेस डेटाबेसची फाइल पुण्याच्या सर्व्हरवर, ती उघडणारे साहेब चंद्रपुरात. साहेबांची समजूत अशी, की हिशेब सर्व्हर करतो. छे! तो नुसता गोदामाचा रखवालदार. हिशेब साहेबांच्याच संगणकाने करायचा. म्हणजे एक नाव शोधायला 4-4 केबीची पानं पुण्याहून मागवायची. रकान्याला इंडेक्स नसेल तर अख्खं टेबलच बिऱ्हाड घेऊन निघतं. एका वेळी 255 जण चालतात म्हणे; इथे तिघांतच चहा गार होतो. लिहिता लिहिता लाइन तुटली, तर फाइलच आजारी. मग ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’चा अंगारा. रिमोट डेस्कटॉप सुचवून पाहिला. साहेब म्हणाले, “उगाच खर्च! त्यापेक्षा इकडे एक नवा माउस पाठवा.”