हिशेबाचा पसारा

न्यू जर्सीत आमच्या आयसेलिनला पाहुणे आले की पहिला दिवस ओक ट्री रोडवर जातो. दादरला मिळतं तेच इथे डॉलरात मिळतं, हे पाहून त्यांचा जीव जळतो आणि पोट भरतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गार्डन स्टेट पार्कवेने खाली मॅनस्क्वान इनलेटला नेतो. अटलांटिकमधून बोटी आत येण्याची ही वाट. दोन्ही बाजूंना समुद्रात शिरलेले बांध. 1980 च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी या बांधांवर डोलोस, म्हणजे एकमेकांत पाय अडकवून बसणारे 16 टनी काँक्रीटचे नग, टाकले, कारण आधीचे दगड समुद्र जागेवर राहू देईना.

या खेपेला मामा-मामी आले होते. "शी, किती हा पसारा! नीट रचता नाही आलं का यांना?" मामींचा पहिला शेरा. मामींच्या फडताळात डबेसुद्धा उंचीप्रमाणे उभे राहतात. त्यांना कसं सांगावं, की हा पसारा हिशेबाने घातलेला आहे? अमुक जागेत किती नग बसले पाहिजेत, हे आधी ठरतं. मग क्रेनवाला एकेक नग अलगद सोडतो: शेजाऱ्याच्या पायात पाय अडकला पाहिजे, पण सगळ्यांची तोंडं एकीकडे होता कामा नयेत. ओळीत देखणे बसले तर साहेब खूश होत नाही, काळजीत पडतो.

सरळ भिंत लाटेला जशीच्या तशी परत पाठवते, आणि ती रागावलेली लाट जाताना पायथ्याची वाळू उकरते. इथे लाटेला चक्क आत येऊ देतात. ती फटीफटींतून शिरते, आपटते, फुटते आणि बाहेर पडेपर्यंत तिच्यात दम उरत नाही.

मामांना हे लगेच पटलं. "अगं, ही तर आपली डोंबिवली फास्ट! दारातून कितीही रेटा, आतला हलतोय का कुणी?"

मग अर्थातच मरीन ड्राइव्ह निघालं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत 1950 मध्ये जन्मलेला टेट्रापॉड हा याच कुळातला नग मुंबईत आला आणि प्रेमिकांचं बाकडं झाला. कोस्टल रोडच्या कामात त्यातले काही हलवले, तेव्हा भरतीला घरं हादरतात अशी रहिवाशांची तक्रार आली. बाकडं इतकी वर्षं नोकरीही करत होतं तर!

यातलं वजनाचं गणित मोठं निर्दय आहे. लाट दुप्पट उंच झाली की नग आठपट जड लागतो. पण एकमेकांत अडकून बसणाऱ्याचं कमी वजनात भागतं, म्हणून सगळी हुशारी आकारात. आपल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रातही या नगांची बारकी पिल्लं करून, हौदात लाटा सोडून बघतात. अडकण्यात डोलोस पटाईत, कारण त्याची कंबर बारीक. ती हौस पोर्तुगालमधल्या सिनेस बंदराला भोवली: फेब्रुवारी 1978 च्या वादळात तिथले 42 टनी डोलोस धडाधड मोडले. एक मोडला की शेजारी सुटतो, आणि तो गडगडला की पुढच्याला मोडतो. त्यानंतर अभियंत्यांनी सडपातळपणाचा नाद कमी केला. 1981 मध्ये फ्रान्समध्येच निघालेला ॲक्रोपोड हा नग चांगला ऐसपैस आहे.

"ऐकलंत?" मामी मामांकडे वळून म्हणाल्या. "आता मुंबईला गेल्यावर माझ्या जिमचं नाव काढायचं नाही."