हंगामातली हजेरी

शहापूर-मुरबाडकडे ऑक्टोबर कधी एकटा येत नाही. हळवं भात कापणीला आलेलं असतं, विद्यापीठाची सत्र परीक्षा तोंडावर असते आणि पडघा-भिवंडीच्या गोडाऊनांत दिवाळीचा सेल लागलेला असतो. तिन्ही ठिकाणी माणूस हवा असतो, आणि तिघांचा डोळा एकाच पोरावर असतो: बीकॉमच्या दुसऱ्या वर्षातला, अंगापिंडाने धड आणि नाही म्हणायला न शिकलेला.

हा पोरगा माझ्या सकाळच्या पहिल्या तासाला हजर असतो, म्हणजे देहाने असतो. रात्रपाळी करून कंपनीच्या बसने नाक्यावर उतरायचं, वडापाव खायचा आणि तसंच वर्गात येऊन बसायचं. गळ्यातलं कार्डही काढलेलं नसतं. दहाव्या मिनिटाला मान पडते. उजव्या हाताची तर्जनी मात्र मधूनमधून आपोआप वाकते. झोपेतही स्कॅनरचं बटण दाबणं चालू असतं. त्याला उठवायचं माझ्या जिवावर येतं. न जाणो, एखादी ऑर्डर अर्धवट राहायची.

कॉलेजला हजेरी लागते पंचाहत्तर टक्के. सेलच्या दिवसांत गोडाऊनला लागते शंभर टक्के. घरी बापाचं म्हणणं वेगळंच: "कॉलेज काय, नोकरी काय, बारा महिने आहेच. उभं भात थांबतंय का?" परतीचा पाऊस डोक्यावर असताना या युक्तिवादाला उत्तर नसतं. ही सगळी बेरीज सहज दोनशेच्या पुढे जाते. आमचे विद्यार्थी अकाउंट्सला घाबरत नाहीत, त्याचं कारण हेच असावं.

एकदा फळ्यावर मालसाठ्याचं मूल्यांकन शिकवत होतो. आधी आलेला माल आधी बाहेर, म्हणजे फिफो. मागच्या बाकावरून झोपाळलेला आवाज आला, "सर, खाण्याच्या मालाला ते नाय चालत. ज्याची एक्स्पायरी आधी, तो आधी काढायचा. मग तो काल आलेला असो नायतर महिन्यापूर्वी." वर्ग जागा झाला. त्या दिवशीचा उरलेला तास त्यानेच घेतला. परीक्षेत त्याला हा प्रश्न आला असता तर पैकीच्या पैकी मिळाले असते. पण परीक्षेच्या दिवशी तो आसनगावला लोकलची वाट बघत बसला नसेल, किंवा मुरबाडहून किन्हवलीमार्गे बाइकवर तिघं येताना पंक्चर झाली नसेल, तरच.

कमावत शिकणं आपल्याकडे नवं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. त्यांनी आधी विद्यार्थ्याचा दिवस पाहिला, मग घंटा बांधली. आमच्या खेड्यांतल्या जुन्या मास्तरांनाही हे कळायचं. आवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग चिखलात असणार हे ते धरूनच चालायचे आणि महत्त्वाचा धडा पुढे ढकलायचे. भाताचा हंगाम तेव्हा गावाला माहीत होता. गोडाऊनच्या हंगामाला मात्र अजून टाइमटेबलात जागा मिळालेली नाही.

म्हणून यंदा मी स्टाफरूममध्ये विषय काढला. ऑक्टोबरातले काही तास कमी करून ते दिवाळीनंतरच्या रविवारी घ्यावेत, कापणी आणि सेल दोन्ही उरकल्यावर. चहा येईपर्यंत सगळ्यांना पटलंसुद्धा. अडचण निघाली ती वेगळीच. आमचे निम्मे सर तासिका तत्त्वावरचे. रविवारी ते दुसऱ्या गावी क्लास घेतात, आणि त्यातले दोघे तर म्हणाले, "आमचं गरवं भात तेव्हाच कापणीला येतं."