‘पोलीस स्टोरी’तील काचेचा प्रध्वंसाभाव

हाँगकाँगच्या सिनेमावर लिहिणारे लोक मारामारीवर लिहितात, नटांवर लिहितात, फारच खोल गेले तर १९९७च्या सत्तांतरावर लिहितात. काचेवर कोणी लिहीत नाही. जॅकी चॅनने १९८५ साली दिग्दर्शित केलेल्या आणि स्वतःच नायक म्हणून गाजवलेल्या ‘पोलीस स्टोरी’ ह्या कँटोनीज चित्रपटात मात्र काच इतकी फुटते, की त्याच्याच स्टंटवाल्यांनी थट्टेने त्याचं नाव ‘ग्लास स्टोरी’ पाडलं होतं. साक्षात जखमी माणसांचं हे आप्तवाक्य उपलब्ध असताना विद्वानांनी विषय टाळावा, हे शास्त्राला शोभत नाही.

कथानक आधी आटोपून घेऊ, कारण ते काचेच्या आड येतं. चान का-कुई नावाचा पोलीस, चू ताओ नावाचा मादक पदार्थांचा सौदागर, त्याची सेक्रेटरी सेलिना (ब्रिजिट लिन) हिला साक्षीदार करण्याचा खटाटोप, आणि ह्या सगळ्यामुळे फुरंगटलेली पोलिसाची प्रेयसी मे (मॅगी चेउंग). झालं.

आता प्रमेयाकडे. पहिली शंका अशी की, पडद्यावर जी फुटते ती काच आहे काय? सिनेमात फोडायची काच पूर्वापार साखरेचा पाक आटवून, साच्यात ओतून करत आलेले आहेत. ‘पोलीस स्टोरी’त ती खरी वाटावी म्हणून नेहमीपेक्षा जाड वापरली, आणि त्यामुळे ती लागलीही खरीच. सगळ्या सृष्टीची द्रव्यांत वाटणी करणाऱ्या वैशेषिकांच्या हिशेबाने काच हे पृथ्वीद्रव्य. पण साखर म्हटली की मधुर रस आला, आणि नुसता मधुर रस हा तर जलाचा गुण. मग हा पदार्थ कोणत्या द्रव्यात घालायचा? आमच्या मते जे अंगात घुसतं ते पृथ्वीच. चव पाहिल्याची नोंद कोणी ठेवलेली नाही, त्यामुळे प्रतिपक्षाजवळ पुरावा नाही.

चित्रपटात काचेचं मंगलाचरण लवकरच होतं. डोंगरउतारावरच्या झोपड्यांमधून मोटारी सरळ खाली घुसतात तेव्हा फुटतं ते मुख्यतः लाकूड आणि पत्रा; तो भाग भव्य असला तरी आमच्या अभ्यासक्षेत्राबाहेरचा. पुढे नायक छत्रीची मूठ अडकवून दुमजली बसला लोंबकळतो, आणि शेवटी बसच्या वाटेत पिस्तूल रोखून उभा राहतो. बस करकचून थांबते आणि वरच्या मजल्यावरचे गुंड पुढच्या काचेतून बाहेर फेकले जातात. त्यांनी खाली उभ्या केलेल्या मोटारीवर पडायचं ठरलं होतं. बस जरा अलीकडे थांबली आणि ते रस्त्यावर पडले. काच ठरल्याप्रमाणे फुटली, माणसं ठरल्याप्रमाणे पडली नाहीत; ह्यावरून दोघांपैकी अधिक शिस्तीचं कोण, हे सुज्ञांनी ओळखावं.

खरा सोहळा शेवटी, त्सिम शा त्सुई भागातल्या विंग ऑन प्लाझा ह्या मॉलमध्ये. शोकेस, काउंटर, सरकते जिने, कठडे: माणूस जिथे आपटेल तिथे काच आहे अशीच ती इमारत मांडलेली दिसते. एकाला तर मोटरसायकलच्या पुढे धरून शोकेसांच्या रांगेतून ढकलत नेलं आहे. मग चॅन वरच्या मजल्याच्या कठड्यावरून उडी मारून मधला खांब पकडतो आणि दिव्यांच्या माळा तडातडा फोडत, खालचं काचेचं छप्पर मोडत, जमिनीवर येतो. दिवे कमी दाबाच्या बॅटरीवर लावायचे होते; ते थेट मुख्य विजेला जोडले गेले. तळहात भाजले, पाठीला आणि ओटीपोटाच्या हाडांना इजा झाली. ह्यापुढे विनोद करण्याचा अधिकार प्रबंधकाराला नाही. पण चॅन उठून लगेच मारामारी चालू ठेवतो, त्यामुळे प्रबंधही चालू ठेवणं भाग आहे.

इथेच न्यायशास्त्राला पहिला धक्का बसतो. घडा फुटला की उरतो तो प्रध्वंसाभाव: त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला घडा पुन्हा फुटत नाही. चॅनने मात्र ती घसरण वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ तीनदा दाखवली आहे. दिवे फुटले, परत फुटले, परत फुटले. उडी एक आणि दर्शनं तीन, असं समाधान नैयायिक देतील. ते थिएटरपुरतं आम्हाला मान्य आहे.

परंतु चित्रपट घरी आला आणि प्रकरण चिघळलं. व्हीसीआरवर रिवाइंडचं बटण होतं. ते दाबलं की तुकडे जमिनीवरून उठून एकमेकांना चिकटत, चॅन पाठमोरा खांबावर चढत जाई, आणि अखंड काच जागेवर हजर. म्हणजे ज्याला शेवट नाही म्हणून शतकानुशतकं घोकलं गेलं, त्याचा शेवट एका बटणात! ह्या आपत्तीची दखल एकाही पाठशाळेने घेतल्याचं आमच्या पाहण्यात नाही.

त्यानंतर आली व्हीसीडी, हाँगकाँगची खास लाडकी. एका तबकडीत ७४ मिनिटं मावत, म्हणून शंभर मिनिटांच्या चित्रपटाला दोन तबकड्या. मॉल अर्थातच दुसरीत. दुसरी तबकडी मित्राने नेऊन परत न केलेल्या घरांत हा बस आणि छत्रीचा चित्रपट म्हणूनच ओळखला जात असणार. बरं, व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आणि ते १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या चौकोनांत कापलेलं. भागून पाहिलं तर एका चित्रात ३९६ चौकोन भरतात. शिवाय माहितीचा कोटा रेशनसारखा ठरलेला. सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट, मग पडद्यावर साहेब खुर्चीत बसून बोलत असोत की शंभर तुकडे हवेत उडत असोत. साहेबांना तो पुरून उरे. काचेला पुरत नसे. त्यामुळे नेमक्या फुटण्याच्या क्षणी चित्रच चौकोन चौकोन होऊन फुटे. शुद्धतावाद्यांनी ह्याला दोष म्हटलं आहे. आम्हाला ते पटत नाही. काच आणि तिचं चित्र एकाच वेळी फुटण्याची सोय दुसऱ्या कोणत्याही माध्यमाने केलेली नाही.

ध्वनीचं प्रकरण ह्याहून गहन. त्या काळी हाँगकाँगचे चित्रपट मुके चित्रित करून संवाद आणि आवाज मागाहून भरत. म्हणजे फुटली ती एक, वाजली ती दुसरीच. त्यात तिथल्या बऱ्याच व्हीसीडींवर डाव्या बाजूला कँटोनीज आणि उजव्या बाजूला मँडरिन अशी वाटणी असे. एक बाजू बंद करायला विसरलं की दोन्ही भाषा एकदम सुरू. पोलीस चौकीतल्या त्या प्रसंगात, जिथे एकटा चॅन अनेक टेलिफोनांच्या वायरींत गुरफटून सगळ्यांशी एकदम बोलतो, हा घोटाळा मूळ कल्पनेला पोषकच ठरावा. पण मॉलमध्ये दोन्ही कानांना एकच खळ्ळ ऐकू येई. भाषावादात तटस्थ राहिलेलं हे एकमेव पात्र.

२०१९ साली क्रायटेरियन कंपनीने नव्या ४के पुनरुज्जीवनावरून, मूळ मोनो कँटोनीज ध्वनीसह, ब्लू-रेचा संच काढला. आता तुकडान् तुकडा वेगळा दिसतो. चित्र थांबवून जाडी न्याहाळता येते, कडा न्याहाळता येतात, आणि चौकोनांच्या धुक्यात जो सन्मानाने लपला होता तो प्रत्येक स्टंटवाला नेमका कुठे आपटला तेही दिसतं. प्रध्वंसाभावाचं हे प्रत्यक्ष प्रमाण. अभ्यासकाची सोय झाली. डोळे मिटून घेण्याची सवलत गेली.

त्याच संचात १९८८चा दुसरा भागही आहे. त्यात फटाक्यांचा कारखाना उडतो. तो विषय तेजाचा असल्यामुळे काचेच्या अभ्यासकांनी त्यात पडू नये, आणि पडल्यास खाली मोटार उभी आहे का ते आधी पाहावं.