परतीची पाळी

कुठल्याही शहराला मोठं स्टेडियम बांधायची हुक्की आली की पहिली गोष्ट होते ती म्हणजे ते स्टेडियम गावाबाहेर पळतं. तिथे जमीन मोकळी असते, भूमिपूजनाचा मंडप ऐसपैस मावतो, आणि नकाशावर 'वाहनतळ' असं लिहायला हवी तेवढी जागा उरते. नियोजित स्टेडियमचं जे रंगीत चित्र वर्तमानपत्रात येतं, ते जरा निरखून बघा. आकाश निळंभोर, झाडं हिरवीगार, हिरवळीवरून रमतगमत चालणारी चारदोन कुटुंबं. चित्र कायम सकाळी अकराचं असतं. सामना सुटल्यावर रात्री साडेदहाला हीच कुटुंबं घरी कशी जातात, याचं चित्र आजवर कोणी काढलेलं मी पाहिलेलं नाही.

आम्हा भिलाईकरांना हा प्रकार जरा उशिरा कळला. आमचं गावच मुळी पोलाद कारखान्याच्या हिशेबाने वसलेलं. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भोवती सेक्टर उभे राहिले. देशभरातून लोक आले. त्यांत नागपूर-भंडाऱ्याकडची आमच्यासारखी मंडळीही आली, ती पोह्यांची कढई घेऊनच. टाउनशिप आखणाऱ्यांनी शाळा, बाजार, मैदान सगळं क्वार्टरपासून सायकलच्या टप्प्यात ठेवलं. पंत स्टेडियम सेक्टर एकला, जयंती स्टेडियम सिव्हिक सेंटरपाशी. फुटबॉलचा सामना असला की पोराला दांडीवर बसवायचं, सायकल भिंतीला टेकवायची आणि आत शिरायचं. पूर्वार्ध रटाळ निघाला तर घरी जाऊन चहा पिऊन उत्तरार्धाला परत येणारे लोकही होते. त्यामुळे 'सामन्याला जायचं कसं' हा प्रश्न आमच्याकडे कधी निघाला नाही. 'डबल ड्यूटी लागली तर जायचं कसं' एवढाच काय तो पेच.

ड्यूटीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. कारखान्याच्या पाळ्या सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाच्या. दहाला मेन गेटपाशी उभं राहून बघा. आधी दोनचार सायकली बाहेर येतात, हँडलला डब्याची पिशवी, डोक्यावरचं हेल्मेट आता पिशवीत नाहीतर करिअरला अडकवलेलं. मग एकदम लोंढा. सायकली, मोपेड, मोटरसायकली, आणि त्याच वेळी उलट्या दिशेने तिसऱ्या पाळीची माणसं आत शिरताहेत. कोणी कोणाला धडकत नाही, कोणी ओरडत नाही. टपरीवाल्याने पाचदहा मिनिटं आधीच दूध चढवलेलं असतं, कारण त्याला पाळीची वेळ पाठ. अर्ध्या तासात रस्ता पुन्हा शांत. दिवसातून तीनदा, वर्षाचे सगळे दिवस, दिवाळीलासुद्धा, हे चालतं आणि याची बातमी कधी होत नाही.

माझं म्हणणं एवढंच की फुटबॉलचा सामना ही सुद्धा एक पाळीच आहे. अमुक हजार माणसं अमुक वाजता बाहेर पडणार, हे आधी ठाऊक असतं. क्रिकेटवाल्यांचं निदान समजू शकतो. त्यांचा खेळ कधी संपेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. फुटबॉलचं तसं नाही. पंचेचाळीस मिनिटं, पंधरा मिनिटांची विश्रांती, पुन्हा पंचेचाळीस, आणि रेफरीच्या घड्याळातली वरची चारदोन. इतका वक्तशीर खेळ दुसरा नाही. तरीही बस सोडणाऱ्यांना तो संपल्याचं कळतं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.

आमच्या भागातलं गावाबाहेर पळालेलं मोठं स्टेडियम म्हणजे नव्या रायपूरचं, परसदा गावाजवळचं शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम. ते क्रिकेटचं आहे हे खरं, पण प्रेक्षकाच्या पायांना खेळातला फरक कळत नाही. भिलाईहून पॉवर हाउस किंवा भिलाई नगर स्टेशनवर लोकल धरायची, रायपूरला उतरायचं. इथवर सगळं झकास, खर्चही किरकोळ. खरा प्रवास त्यानंतर, उरलेल्या वीसेक किलोमीटरचा. रस्ते मात्र असे रुंद की एका कडेला उभं राहून पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जाणार नाही. त्या रुंदीवर बस शोधायची म्हणजे डोळ्यांची परीक्षा. या स्टेडियमचं वीजबिल थकल्याची बातमी 2023 च्या टी-ट्वेन्टीच्या वेळी देशभर गाजली, त्यामुळे दिव्यांची काळजी सर्वांनी केली. बसची बातमी गाजायला बस आधी असावी लागते.

तरी एक सामना असा झाला की प्रेक्षकांनी मनातल्या मनात दोन्ही संघांना दुवा दिला असेल. 21 जानेवारी 2023, न्यूझीलंडविरुद्धचा एकदिवसीय सामना, तिथला पहिलाच आंतरराष्ट्रीय. नाणेफेक जिंकल्यावर रोहित शर्माला आपण काय ठरवलं होतं तेच आठवेना, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मग न्यूझीलंड 108 धावांत आटोपलं आणि भारताने आठ गडी राखून एकविसाव्या षटकातच विषय संपवला. दिवस-रात्रीचा सामना, पण माणसं रात्रीच्या जेवणाच्या आत मोकळी झाली. एकतर्फी सामना हीच आमच्याकडची सर्वांत भरवशाची वाहतूक व्यवस्था. मार्च 2025 मध्ये नव्या रायपूरवरून अभनपूरपर्यंत मेमू गाडीही सुरू झाली, आनंदच आहे. फक्त गाडी वेळापत्रकाने निघते आणि शेवटचं षटक आपल्या मर्जीने.

पुण्यात बालेवाडीला निराळीच गंमत. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते क्रीडासंकुल बांधलं तेव्हा बालेवाडी म्हणजे हायवेकडेचं खेडं. माझा पुण्याचा भाचा तिथे एफसी पुणे सिटी या फुटबॉल संघाचे सामने बघायचा. सामना संध्याकाळी सातसाडेसातच्या पुढे, कारण टीव्हीवाल्यांना तीच वेळ लागते. म्हणजे सुटायला नऊ-साडेनऊ. मग हायवेच्या कडेने पाठीवर नारिंगी जर्सी घातलेली पोरं रांगेने चालताहेत आणि शेजारून रिक्षावाला हळूहळू गाडी चालवत विचारतोय, "कुठं, कोथरूड? चारशे." "मामा, मीटरने चला ना." "मीटर आहे की, पण परतीचं कोण देणार?" हे त्याचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे, आणि गंमत अशी की त्या रात्री त्या अख्ख्या रस्त्यावर परतीचा विचार केलेला माणूस तो एकटाच.

आता बालेवाडी खेडं राहिलेलं नाही. स्टेडियम गावाबाहेर पळालं आणि गाव त्याच्या मागे धावत जाऊन त्याला गिळून बसलं. तिथे मॉल आहेत, कॅफे आहेत, आणि गाडी लावायला जागा नाही. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या आराखड्यात 'बालेवाडी स्टेडियम' या नावाचं स्थानकसुद्धा आलं. मात्र ज्याच्या सामन्यांना ते उपयोगी पडलं असतं तो एफसी पुणे सिटी 2019 मध्येच गुंडाळला गेला. भाचा म्हणतो, "मामा, स्टेशन येईपर्यंत टीम थांबायला हवी होती." मी त्याला म्हटलं, थांबायची सवय फक्त प्रेक्षकाला असते.

फुटबॉलच्या पंढरीतही सुटका नाही. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम 1984 चं. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान भिडले की अर्धं शहर तिकडे लोटतं. त्या स्टेडियमच्या दाराशी मेट्रो आली फेब्रुवारी 2020 मध्ये, छत्तीस वर्षांनी. पहिला टप्पा सेक्टर पाचपासून स्टेडियमपर्यंतचाच होता, म्हणजे स्टेडियमचा मान राखला. पुढच्याच महिन्यात करोनामुळे देश बंद झाला. त्याच्या थोडं आधी, 14 मार्च 2020 ला, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत गोव्यात फातोर्ड्याला झाली, तीही रिकाम्या खुर्च्यांपुढे. प्रेक्षकांच्या जाण्यायेण्याची अडचण मुळापासून सुटली असा तो सामना.

मुंबईकर म्हणतील, आमच्याकडे बघा. बरोबर आहे. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे, आणि लोकल ही अशी गोष्ट आहे की ती सामन्यासाठी मुद्दाम सोडावी लागत नाही, ती असतेच. तिथे माणूस गोल मोजतो, मिनिटं मोजत नाही. बाकी गावांत पंचाहत्तराव्या मिनिटाला स्टँडमधून एक चुळबूळ सुरू होते. लोक उठून वाकून बाहेर सटकू लागतात. आपल्याला वाटतं खेळ आवडला नाही. तसं नसतं. त्यांना शेवटची गाडी दिसत असते. शेवटच्या पाच मिनिटांत पडणारे गोल आपल्याकडे निम्म्या लोकांनी कधी पाहिलेलेच नाहीत, ते त्यांनी बसच्या पायरीवर उभं राहून मागून आलेल्या आरोळीवरून ओळखले आहेत.

परवा शेजारच्या शर्मांशी हेच बोलत होतो. त्यांची हयात कारखान्याच्या कोकओव्हन विभागात गेली. ते म्हणाले, "काका, गेट का टाइम बाँध दो, बाकी सब अपने आप होगा." मला वाटतं, फार मोठ्या योजनेपेक्षा त्यांचं म्हणणं उपयोगी आहे.

तेव्हा आयोजकांना एकच विनंती. तिकिटावर तुम्ही गेट क्रमांक छापता, रांग छापता, खुर्ची छापता, पाण्याची बाटली आणू नका हे तर ठळक अक्षरात छापता. त्याखाली आणखी एक ओळ छापा: शेवटची बस किती वाजता, कुठल्या फाटकातून. आणि ती बस खरोखर उभी करा, पाळी सुटेपर्यंत. मग सामना शून्य-शून्य सुटला तरी आमची काही तक्रार नाही.