निबंध ओके, पुढचा आणा!

निगडीतल्या एका क्लासच्या जिन्यात फ्लेक्स लागलाय : ‘परदेशी प्रवेशपरीक्षेच्या निबंधाचे 12 साचे. पाठ करा, विमानात बसा!’ 26 वर्षं भोसरीत क्यूसीत, म्हणजे माल तपासण्यात, काढलेल्या माणसाचे पाय असा फ्लेक्स वाचून आपोआप थबकतात. आमच्याकडे साचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, एका साच्यातून माल किती निघतो? आतल्या सरांना तोच विचारला. सर अजिबात गडबडले नाहीत. ‘काका, आमचा साचा झिजत नाही. विषय शिक्षणाचा येऊ दे, सरकारचा येऊ दे, तंत्रज्ञानाचा येऊ दे. माल तोच निघतो.’

न झिजणारा साचा! टूलरूममध्ये हे वाक्य कोणी म्हटलं असतं तर त्याला चहा पाजून गेटपर्यंत सोडून आलो असतो. इथे मी फी भरून आलो.

फी पुतणीची. ती चाकणला एका कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर आहे आणि तिला एमएस करायला जायचंय, म्हणून जीआरई. तिने याआधी लिहिलेला शेवटचा निबंध दहावीचा, आठ गुणांचा. त्यात ती छत्री झाली होती. मग सीईटी आली. सीईटीत वाक्य लिहायचं नसतं, चार पर्यायांतला एक टिपायचा असतो. मग इंजिनिअरिंगची चार वर्षं. तिथे लिहिणं म्हणजे असाइनमेंट, आणि असाइनमेंट म्हणजे पुढच्या बाकावरची वही. अशा मुलीने आता अर्ध्या तासात विचार करायचा, बाजू घ्यायची, उदाहरणं द्यायची आणि हे सगळं इंग्रजीत टाइप करायचं. 2023च्या सप्टेंबरपर्यंत असे दोन निबंध लिहावे लागत, आता एकावर भागतं. गुण शून्य ते सहा, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. तपासणारे दोघे : एक माणूस आणि एक मशीन. दोघांचं जुळलं की सरासरी काढायची, नाही जुळलं की आणखी एक माणूस बोलवायचा.

क्लासमध्ये सरावाला विषय आला, मोठ्या शहरांनी माणसाचं भलं होतं का? पुतणीने जे दिसतं ते लिहिलं. पहाटे साडेपाचची कंपनीची बस. कुरुळीच्या फाट्यावर डबा धरून उभी असलेली कंत्राटी पोरं. त्यातला एक लातूरचा. तीन वर्षं इथे राहून त्याला शहर म्हणजे एक खोली आणि एक गेट एवढंच ठाऊक आहे. अडीचशे शब्द झाले. क्लासच्या मशीनने गुण दिले तीन. शेरा : ‘विस्तार कमी’. शेजारच्या मुलाने साचा क्रमांक चार लावला. सहाशे शब्द. सुरुवात मानवी संस्कृतीच्या उषःकालापासून, शेवट नाण्याच्या दोन्ही बाजूंवर. मधे शहर नेमकं कुठे आहे ते मी चष्मा पुसून शोधलं. त्याला साडेपाच.

आता बोल्टचं बघा. चाकाला लागतो तो साधा बोल्ट. त्याचं ड्रॉइंग असतं, ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो. नवा लॉट आला की त्यातले नग काढून गेज लावतात. ‘गो’ रिंग सुळकन फिरली पाहिजे, ‘नो-गो’ अडली पाहिजे. त्या गेजवर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो, स्टिकरवर पुढची तारीख असते, तारीख उलटली की गेज कपाटात. नापास बोल्ट लाल पेटीत जातो, पण एकटा जात नाही. त्याच्यासोबत टॅग जातो आणि टॅगवर कारण लिहिलेलं असतं : आटे खराब, व्यास जास्त. मग सप्लायरला बोलावून पाच वेळा ‘का’ विचारतात. नापास का? आटे खराब का? टूल झिजलं का? झिजलं तर बदललं का नाही? बदलायचं कोणाच्या लक्षात का आलं नाही? एका बोल्टला पाच ‘का’. पोराच्या निबंधाला एकही नाही. क्लासचं मशीन निदान ‘विस्तार कमी’ म्हणालं. खऱ्या परीक्षेत नुसता आकडा येतो. साडेतीन. का साडेतीन? ते विचारायला आधी बोल्ट व्हावं लागेल.

आणि वेळ? अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत 2005मध्ये निबंध सक्तीचा झाला. पोरांना लिहायला 25 मिनिटं. वाचणाऱ्याने एका निबंधावर दोन-तीन मिनिटं खर्चावीत अशी अपेक्षा. दोन मिनिटं! दोन मिनिटांत काय होतं हे चाकणला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. दोन मिनिटांत तळेगाव चौकात बस पहिल्या गिअरमधून पुन्हा पहिल्याच गिअरमध्ये येते. आंबेठाण चौकात ट्रेलरवाल्याची तंबाखूसुद्धा धड मळून होत नाही, आणि त्याच्यामागचा रिक्षावाला पहिली शिवी संपवून दुसरीसाठी श्वास घेत असतो. पुतणीची बस तिथे पन्नास मिनिटं अडकते. तेवढ्या वेळात पंचवीस निबंध वाचून, तोलून, गुण देऊन हातावेगळे! रस्ता रुंद होणार, पूल होणार हे ऐकत ही मुलगी दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअर झाली, आता देश सोडून निघाली. चौक तिथेच आहे. हे निबंध तपासणारे लोक इकडे ट्रॅफिकला लावा. दोन-दोन मिनिटांत सगळं पुढे सरकवतील. कोणती गाडी कुठे गेली याची चौकशी करू नका म्हणजे झालं.

सर शांत स्वभावाचे. म्हणाले, ‘काका, परीक्षकांना ट्रेनिंग असतं. आधी नमुन्याचे निबंध तपासायला देतात, त्यांचे गुण बरोबर आले तरच पुढे बसवतात. म्हणून तर दोघांचं जुळतं.’ म्हणजे माणसांचंही कॅलिब्रेशन! ऐकून बरं वाटलं, आणि लगेच क्यूसीतला जुना किडा वळवळला. दोन इन्स्पेक्टरांनी एकाच फूटपट्टीने साखर तोलली तर दोघांचंही उत्तर जुळेल. सहा इंच साखर. तिसऱ्याला बोलावलं तरी सहा इंचच भरेल. रजिस्टरवर तिघांच्या सह्या होतील, ऑडिटरही खूश होईल. जुळत नव्हतं तेव्हाची गोष्ट वेगळी. 1912मध्ये अमेरिकेत इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासायला दिली होती. कोणी तिला साठीत ठेवलं, कोणी नव्वदीपार नेलं. तो गोंधळ मिटवायला पुढे सगळ्यांच्या हाती एकसारखी पट्टी आली. पट्टी कसली, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

पट्टी लांबीची! एसएटीचा निबंध जितका लांब तितके गुण जास्त, हे पहिल्याच वर्षी, 2005मध्ये बोलून दाखवलं गेलं. शिवाय निबंधातली माहिती चुकली तरी गुण कापू नयेत अशी परीक्षकांना सूचना होती. युद्धाचं साल चुकलं? चालेल. राजाचं नाव चुकलं? चालेल. वाक्य डौलदार पाहिजे. म्हणजे बोल्टचा व्यास चुकला तरी हरकत नाही, पॉलिश झकास हवं. लावा चाकाला आणि न्या घाटात! जीआरईच्या मशीनची तर गोष्टच सोडा. ते इतर चार गोष्टींबरोबर शब्दांची सरासरी लांबीही मोजतं. म्हणून सर शिकवतात, ‘यूज’ लिहू नका, ‘युटिलाइज’ लिहा. आपल्या सरकारी कागदात ‘केले’ न म्हणता ‘करण्यात आले’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. 2014मध्ये तिकडे ‘बेबल’ नावाचा प्रोग्रॅम निघाला. दोन-तीन शब्द दिले की तो जडजड, संपूर्ण निरर्थक निबंध ओततो. निबंध तपासणाऱ्या मशीनने त्याला भरघोस गुण दिले. एका मशीनने ओतलं, दुसऱ्याने पास केलं. मधे माणसाची गरजच पडली नाही. आमच्याकडे याला ऑटोमेशन म्हणतात आणि पेढे वाटतात.

अमेरिकेला हसून आपली सुटका नाही. पुतणीची दहावीतली छत्री गाइडमधलीच होती. ती छत्री रडली होती. आपल्याकडे दरवर्षी छत्री रडते, फळा रडतो, नदी रडते, एसटी स्टँडवरचं बाकडं रडतं. एक सुखी छत्री मला आजवर भेटलेली नाही. कारण सुखी छत्रीला किती गुण द्यायचे ते गठ्ठ्याखाली दबलेल्या माणसाला ठाऊक नसतं आणि विचार करायला त्याच्याकडे वेळ नसतो. रडकी छत्री ओळखीची असते, तिच्यावर डोळे मिटून टिक करता येते. पोरं मूर्ख नाहीत. वाचणारा वाचणार नाही हे त्यांना आपल्याआधी कळतं. म्हणून ती साचा घेतात आणि आपण वर तोंड करून म्हणतो, हल्लीच्या मुलांकडे स्वतःचे विचार नाहीत! विचार होते. तुम्ही त्यांना तीन गुण दिलेत. ‘स्वतःच्या भाषेत लिही’ असं सांगायचं आणि मार्क दुसऱ्याच्या भाषेला द्यायचे, याला मी परीक्षा म्हणणार नाही. हे खोटं बोलायचं ट्रेनिंग आहे, आणि त्याची फीसुद्धा आपणच भरतो. मी स्वतः भरून आलोय, पावती खिशात आहे.

एसएटीने 2016मध्ये निबंध ऐच्छिक केला आणि 2021मध्ये जवळजवळ बंदच केला. बिघडलेलं गेज कपाटात ठेवायची अक्कल तेवढी तरी आली. बाकीच्यांना माझं एकच सांगणं आहे. वाचायला वेळ नसेल तर लिहायला सांगू नका. सांगणार असाल तर निबंध बोल्टसारखा तपासा : हातात घ्या, फिरवून बघा, आणि नापास केलात तर टॅगवर कारण लिहा.

पुतणीने शेवटी साचा क्रमांक सात घेतला. आता सरावात साडेचार पडतात. लातूरचा पोरगा निबंधातून गेला. कुरुळीच्या फाट्यावर मात्र तो रोज पहाटे डबा घेऊन उभा असतो.