स्थिर सरकार पाहायचंय? मालाबोला चला

आपल्याकडे सरकारनं पाच वर्षं पुरी केली तरी पेढे वाटतात. मालाबो ज्या देशात आहे, त्या इक्वेटोरियल गिनीत तेओदोरो ओबियांग 1979 पासून खुर्चीवर आहेत. रिसॉर्ट नाही, गुवाहाटी नाही.

खुर्ची घेतली ती काकांकडून. शनिवारवाड्यात ‘काका, मला वाचवा’ म्हणत पुतण्या धावला होता; तिकडे ओरडायची पाळी काकांवर आली. ऑगस्टमध्ये उठाव, सप्टेंबर सरता सरता काका बंदुकांपुढे. उठावानं आलेला बहुधा उठावानंच जातो. यांना तारलं 1990च्या दशकात समुद्रातून वर आलेल्या तेलानं. 2004 मध्ये त्याच तेलाच्या वासानं भाडोत्री सैनिक त्यांना उलथवायला निघाले होते, पण ते वाटेत हरारेलाच पकडले गेले.

समुद्रातल्या तेलाची एक सोय असते. परदेशी कंपन्या विहिरी खणतात, टँकर परस्पर निघून जातात, आणि पैसा एका सहीवर जमा होतो. यात जनता लागते कुठे? ज्यांच्याकडून कर मागायचा नाही, त्यांना हिशेब तरी कशाला द्यायचा! तिजोरी ओबियांग यांनी स्वतःकडे ठेवली, का तर अधिकाऱ्यांना भ्रष्टाचाराचा मोह होऊ नये. केवढी ही काळजी! पुढे अमेरिकन सिनेटच्या चौकशीत वॉशिंग्टनच्या रिग्ज बँकेत सरकार, अधिकारी आणि अध्यक्षांचे आप्त यांची साठहून अधिक खाती निघाली. शिल्लक 70 कोटी डॉलरच्या घरात. मोह देशाबाहेर ठेवला होता, एवढंच.

2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले. अर्थव्यवस्था आटत गेली. ओबियांग यांची मतं? 2016 मध्ये 93 टक्क्यांवर, 2022 मध्ये 94 टक्क्यांवर. तेल उतरलं तरी मतं चढतात, हे अर्थशास्त्र हार्वर्डला शिकवत नसावेत.

चिरंजीव तेओदोरीन उपाध्यक्ष आहेत. पॅरिसमधल्या त्यांच्या हवेलीवर फ्रान्सनं टाच आणली, तेव्हा सरकार हेगच्या न्यायालयात गेलं: ही आमची वकिलात आहे! 2020 मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. तिथल्या मालमत्तेवरून अमेरिकेशी चिरंजीवांची 2014 मध्येच तडजोड झाली होती. कॅलिफोर्नियातला बंगला विकायचा ठरला, फेरारी आणि मायकल जॅक्सनचे पुतळेही गेले. जॅक्सनचा खडेजडित हातमोजा तेवढा अमेरिकेच्या हाती लागला नाही.